दुसऱ्याला देता येणार नाही असं काहीतरी

माझ्या आईला आयुष्यभर एका बाईला काहीतरी द्यायचं होतं आणि त्या बाईनं ते कधी जमू दिलं नाही. ती बाई म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या दवाखान्यातली एक सिस्टर. यात काय अवघड, द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटतं त्यानं एखाद्या सिस्टरला एकदा काही देऊन बघावं.

आमचं गाव हातकणंगल्याहून आत. गावाबाहेर उसाच्या रानात एक लांबट, पत्र्याची इमारत आहे, तिला सगळे सिस्टरांचा दवाखाना म्हणतात. खरं नाव फाटकावर कोरलेलं आहे, पण ते मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सिस्टर म्हणजे ख्रिस्ती जोगिणी. त्या केरळातून पहिल्यांदा इकडं आल्या तेव्हा त्यांच्याकडे जागा नव्हती. गावातल्या एका जैन शेतकऱ्याचं गुऱ्हाळ बंद पडलेलं होतं. त्यानं ते त्यांना देऊन टाकलं आणि एकच अट घातली, या जागेत मांस-मासळी शिजायची नाही. समुद्राकाठी मासे खाऊन वाढलेल्या त्या बायकांनी मुकाट मान हलवली. तो शेतकरी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याचा नातू एकदा स्वतः येऊन सांगून गेला, "सिस्टर, आता करा की काय करायचं ते. आमीच कुटं पाळतोय." तरी त्या स्वयंपाकघरात आजपर्यंत साधं अंडं फुटलेलं नाही. बाळंतिणीला मटणाचा अळणी रस्सा पाजायचा असेल तर तिला धरून फाटकाबाहेरच्या चिंचेखाली आणावं लागे. बाळंतीण लवकर चालायला लागावी म्हणून सिस्टरांनीच ही युक्ती काढली असणार, असं माझे वडील म्हणायचे.

गुऱ्हाळाच्या भिंतींत गूळ इतका मुरलेला होता की मुंग्या काही केल्या हटेनात. खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. त्या वाट्यांतलं पाणी बदलणं हे आईचं तिथलं पहिलं काम. पुढं ती बाळंतपणाच्या वॉर्डातली मावशी झाली आणि निवृत्त होईपर्यंत मावशीच राहिली. मी कॉलेजात शिकवायला लागले, वारणानगरला माझे विद्यार्थी मला मॅडम म्हणायला लागले, तरी गावात माझी ओळख मावशीची पोरगी हीच आहे.

पण ती तिथं कामाला लागण्याच्या आधीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझ्या वेळेस आई अडली. गावातल्या सुईणीनं हात टेकल्यावर तिला बैलगाडीत घालून सिस्टरांकडे नेलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, पण गावानं आपली सवय काही त्या साली बदलली नाही. आईच्या तरुणपणी दुकानदार तिच्या हातात वरून सामान टाकत असे. अशी ती बाई, वेदनेनं अर्धमेली होऊन खाटेवर पडलेली. एक ठेंगणी, काळीसावळी सिस्टर खाटेशी आली, दोन्ही हात पुढं धरून थांबली आणि म्हणाली, "हात लावू का?"

आईला वाटलं, ही जात विचारते आहे.

"मी म्हटलं, आमी बुद्धवाड्यातलं हाय, सिस्टर," आई सांगायची. "आधीच सांगितलेलं बरं, न्हवं? मागनं कळ्ळं म्हंजे पंचाईत. तर त्या म्हंत्यात, ते नंतर सांग. हात लावू का?"

ही गोष्ट आईनं मला इतक्यांदा सांगितली आहे की तो प्रसंग मी पाहिलाय असंच मला वाटतं. म्हटलं तर मी तिथं होतेच. हात लावू नको हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. हात लावू का, असं तिला कुणी विचारण्याची ती पहिली वेळ. पुढं बाळंतपणात फार रक्त गेलं. सिस्टरांचा रक्तगट जुळला. त्या शेजारच्या बाकावर आडव्या झाल्या, रक्त दिलं, उठून चहा प्याल्या आणि पुढच्या बाईकडं गेल्या. आई वाचली, मी वाचले. बरी झाल्यावर आईनं विचारलं, याची परतफेड कशी करू? सिस्टर म्हणाल्या, वॉर्डात मुंग्या लई झाल्यात, कामाला ये.

हात लावण्याआधी विचारायचं हा सिस्टरांच्या संघाचा नियम आहे. बेशुद्ध माणसालाही विचारायचं, तान्ह्या बाळालाही. नुकतंच जन्मलेलं पोर टाहो फोडतंय आणि सिस्टर त्याच्यापुढं हात धरून "हात लावू का रे?" म्हणतायत, हे लहानपणी मी पाहिलंय आणि खिडकीबाहेर उभी राहून हसलेही आहे. हा नियम कुठून आला ते आईनं मला सांगितलं. तिला सिस्टरांनी सांगितलं, आणि सिस्टरांना त्यांच्या आधीच्या गोऱ्या सिस्टरांनी. युरोपातल्या कुठल्याशा लहान गावात एक शिवणकाम करणारी बाई होती. रस्त्यात तापानं पडलेल्या एका माणसाला तिनं घरी आणलं, आपल्या अंथरुणावर झोपवलं आणि स्वतः जमिनीवर निजली. मग दुसरा आला, तिसरा आला, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिच्यासारख्या चार बायका तिला येऊन मिळाल्या आणि त्यांचा संघ झाला. तापातला तो पहिला माणूस हात लावायला गेलं की घाबरून ओरडायचा, म्हणून ती आधी विचारायची. खरं-खोटं मला माहीत नाही. आईच्या सांगण्यात त्या बाईचं घर आमच्या गल्लीतल्या घरासारखंच असे, आणि तिचा नवरा दारू पीत असे. सिस्टर म्हणायच्या, अगं, तिचं लग्नच झालं नव्हतं. आई म्हणायची, "आसंल की. तुमाला कुनी सांगितलं नसंल."

पुढं तो संघ बोटीनं केरळच्या किनाऱ्यावर आला. तिथल्या मुली त्यात गेल्या. आमच्या सिस्टर त्यांतल्याच एक. शाळा संपल्या संपल्या घर सोडलं, नर्सिंग शिकल्या आणि एक पेटी घेऊन इकडं आल्या. मराठी त्या बाळंतिणींकडून शिकल्या. त्यामुळं त्यांना शिव्या आधी आल्या आणि क्रियापदं मागाहून. "दम खा की गं भवाने, पोर काय पळून चाललंय व्हय?" असं त्या मल्याळी सुरात म्हणायच्या, आणि कळा देणारी बाई त्या अवस्थेतही हसायची.

आमच्या नातेवाइकांना मात्र एकच शंका. आई पांढऱ्या झग्यांत दिवसभर असते, तेव्हा तिला बाटवलं का? लग्नकार्यात हटकून कुणीतरी विचारायचंच. माझं डोकं तापायचं. आई शांतपणे म्हणायची, "आमच्या सासऱ्यानं एकदा बदललाय धर्म, तेवढा बास झाला. रोज रोज काय बदलायचा?"

आता मूळ मुद्द्यावर येते. परतफेड म्हणून आईनं सिस्टरांना पहिल्यांदा दिली ती वाकळ. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. आपल्या लग्नातल्या साडीची आणि माझ्या झबल्यांची. पाऊसभर बसून तिनं ती शिवली. सिस्टरांनी ती गालाला लावली, "लई मऊ हाय गं" म्हणाल्या, आणि आई खूश होऊन घरी आली. काही दिवसांनी ती चादरी बदलायला पुरुषांच्या वॉर्डात गेली तर एक खोकणारा म्हातारा तीच वाकळ लपेटून बसलेला. आई तरातरा सिस्टरांकडं गेली.

"सिस्टर, ती तुमाला दिलती मी."

"मला दिलीस न्हवं?"

"व्हय."

"मग माझी झाली. माझी झाली म्हंजे सगळ्यांची झाली."

सिस्टरांचं स्वतःचं काही नसतं. हे त्यांचं व्रत. अंगावरचे कपडेसुद्धा संघाचे. कुणी काही दिलं की ते मदर सुपीरियरच्या टेबलावर ठेवायचं. मदर म्हणजे त्या घरातल्या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. मग ज्याला गरज असेल त्याच्याकडं ती वस्तू जाते. आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिला ते समजलंही. पण पटलं नाही. तिच्या मते देणं म्हणजे त्या माणसाच्या अंगावर, हातात, घरात ती वस्तू डोळ्यांना दिसली पाहिजे. "त्या माझ्या अंगात रगात घालून बसल्यात," ती म्हणायची, "आनि माझी एक वाकळ त्यास्नी घेववंना व्हय?"

मग तिनं चपला करवल्या. सिस्टरांचे पाय अख्ख्या दवाखान्यात वेगळे होते, पुढं पसरट आणि अंगठ्याशी हाड वाढलेलं. आईनं कागदावर त्यांच्या पावलांची मापं काढून घेतली आणि कोल्हापुरातल्या एका कारागिराकडून खास चपला शिवून घेतल्या. दुसऱ्या कुणाच्या पायात बसणारच नाहीत, ही तिची हुशारी. सिस्टरांनी त्या घातल्या, वॉर्डात दोन फेऱ्या मारल्या, फार छान म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात आठवडी बाजारात भाजीवाल्या म्हातारीच्या पायांत त्या चपला. तिच्याही पायाला तसंच हाड वाढलेलं होतं. सिस्टरांनी ते कधी हेरून ठेवलं होतं कुणास ठाऊक. आईनं त्या दिवशी भाजी घेतली नाही.

मग मासे. खाल्लेलं तर कुणाला देता येत नाही ना, असा तिचा हिशेब. दवाखान्यात शिजवायची बंदी, पण आमच्या घरी शिजवायला कुणाच्या बापाची भीती? तिनं सिस्टरांना रविवारी जेवायला बोलावलं. त्या म्हणाल्या, मदरना विचारून येते. आईनं सकाळीच मासे आणवले, चिंचेचा कोळ घालून कालवण केलं, एका माणसाचं पान वाढून ठेवलं. दारात जीप थांबली आणि तीतून सगळं कॉन्व्हेंट उतरलं, मदरसकट. "मी एकटी कशी खाऊ गं? ह्यांनी पण कवापास्नं खाल्लं न्हाय," सिस्टर म्हणाल्या. प्रत्येकीच्या वाट्याला एकेक तुकडा आला. आमच्या सिस्टरांनी आपला तुकडा सगळ्यांत लहान असलेल्या सिस्टरच्या ताटात सारला, कारण ती नवीन आली होती आणि घरच्या आठवणीनं रडत होती. आम्ही त्या दिवशी पिठलं खाल्लं. भांडी घासताना आई एवढी आदळआपट करत होती की वडील उठून पारावर जाऊन बसले.

अशी वर्षं गेली. दवाखाना हळूहळू बसत गेला. कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांकडं विम्याची कार्डं आली, ती बायकांना घेऊन कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यांत जाऊ लागली. सिस्टरांकडं बाळंतपणं होईनाशी झाली. नव्या सिस्टरही येईनात. केरळातल्या मुली आता नर्स होऊन परदेशात जातात, व्रत घ्यायला कोण येतंय? उरल्या त्या थोड्या सिस्टर, सकाळची ओपीडी आणि घरच्यांनी आणून सोडलेली चार म्हातारी माणसं. मदर म्हणून जी आली ती माझ्यापेक्षाही लहान होती. स्कूटर चालवायची, मोबाइलवर भजनं ऐकायची.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सिस्टर वॉर्डातच घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं आणि परत आल्या त्या खाटेलाच खिळल्या. पाठोपाठ संघाचा निर्णयही आला. जरा बसता येऊ लागलं की त्यांनी केरळात मातृगृहात, म्हणजे संघाच्या मुख्य घरी, जायचं, तिथं म्हाताऱ्या सिस्टरांची सोय आहे. परत यायचं नाही. मदरनं आम्हाला हे सांगितलं. स्कूटरवर माझ्या मागं बसून घरी येताना अर्ध्या वाटेत आई म्हणाली, "आता ऱ्हायलंच मग माझं द्यायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं लोखंडी पळीत तिळाचं तेल कढवलं. त्यात ओवा, लसूण. बाळ-बाळंतिणीला लावतात तसलं. जन्मभर तिनं त्या वॉर्डात तेल लावलं, पोरांना आणि पोरांच्या आयांना. तिचे गुडघे गेलेत, पण हात अजून तयार आहेत. मला म्हणाली, "अंगाला लावल्यालं तेल तर त्यास्नी काढून कुनाला देता येत न्हाय न्हवं?"

आम्ही गेलो तेव्हा सिस्टर पडून छताकडं बघत होत्या. आई खाटेशी बसली आणि दोन्ही हात पुढं धरून तिनं विचारलं, "सिस्टर, हात लावू का?"

"नको," सिस्टर म्हणाल्या.

आईला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. ज्या बाईनं अर्ध्या तालुक्याची अंगं पुसली, तिनं स्वतःच्या अंगाला हात लावू द्यायला नकार दिला. त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले. "त्या कोपऱ्यातल्या म्हातारीला लाव तेल. तिचे सांधे दुखत्यात."

विचारायचं तर उत्तर ऐकायचं, हाही त्याच नियमाचा भाग. आई उठली, कोपऱ्यातल्या म्हातारीला तेल लावलं आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्या म्हातारीचे सांधे मात्र सुधारले. मला सिस्टरांचा राग आला होता, खरंच आला होता. मी आईला म्हणाले, "तुझ्या हातचं कधी काही घेतलंच नाही त्यांनी. नुसतं द्यायचं, द्यायचं. हा पण एक गर्वच."

आईनं मला गप्प बसवलं नाही. ती विचारात पडली. मग म्हणाली, "सिस्टरांची व्रतं किती असत्यात गं?"

तीन, मी म्हटलं. लग्न करायचं नाही, स्वतःचं काही ठेवायचं नाही, आणि वरच्यांची आज्ञा मोडायची नाही.

"शेवटचं परत सांग," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टरांच्या खाटेकडं गेलीच नाही. सरळ मदरच्या ऑफिसात. मी दारात उभी होते. ती तरुण मदर उठून उभी राहिली, कारण आई तिथं तिच्याही आधीपासूनची. आईनं सांगितलं, ह्या म्हाताऱ्या बाईला तेलाची गरज आहे आणि ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकावं लागेल. मदरला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली आणि आमच्याबरोबर आली.

"सिस्टर, तुम्ही रोज सकाळी मावशींकडून तेल लावून घ्यायचं आहे. इथून जाईपर्यंत. ही माझी आज्ञा आहे."

सिस्टर तिच्याकडं बघत राहिल्या. तिला त्यांनीच इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. मग त्यांनी आईकडं पाहिलं. अशा नजरेनं, की त्यांना मराठीत आधी काय आलं होतं ते मला आठवलं.

आईनं हात पुढं धरले. "हात लावू का?"

"आता इचारतीस कशाला?"

"न्हाय, तुमी सांगा. मदर म्हनल्या म्हनून मी हात लावनार न्हाय."

बराच वेळ आईचे हात तसेच हवेत राहिले. तिचे खांदे दुखतात, मला माहीत होतं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "लाव."

आईची तेल लावायची एक रीत आहे. ती हातापासून सुरुवात करते. आधी मनगटाजवळचा तळव्याचा उंचवटा, तिथं अंगठा दाबून गोल फिरवायचा, मग वर सरकत एकेक बोट, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला अलगद ओढ द्यायची. पहिल्या दिवशी सिस्टर लाकडासारख्या पडून होत्या. मध्येच म्हणाल्या, "बास. माझ्या वाटणीचं ऱ्हायलेलं तेल त्या म्हातारीला लाव."

"आज्ञा तुमाला हाय, तिला न्हाय," आई म्हणाली आणि दुसरा हात घेतला.

रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी आईला तिथं सोडायची, आणि उशीर होत असला तरी थोडी थांबायची. एके दिवशी सिस्टरांनी डोक्यावरचं कापड काढू दिलं. त्यांचे केस मी पहिल्यांदाच पाहिले, आखूड आणि कापसासारखे पांढरे. आई टाळूवर तेल जिरवत होती. सिस्टरांचे डोळे मिटलेले.

"घरातनं निघाले त्या सकाळी आमच्या आईनं लावलंतं," त्या म्हणाल्या. "खोबरेल. तवा केस लांब होते माझे. त्यानंतर आज."

"त्यानंतर कुनीच न्हाय?"

"कोण लावणार? सिस्टरला कोण हात लावतंय?"

मला रडू आलं. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तेव्हाचा तो गर्वाचा शब्द माझा मलाच टोचत होता. आत आई टाळूवर तेल जिरवतच राहिली.

त्यानंतर सिस्टर आईची वाट बघू लागल्या. आम्हाला उशीर झाला तर विचारायच्या, पोरीला झोप लागलीती व्हय? बसू लागल्या, मग धरून उभ्या राहू लागल्या. म्हणजे जायचा दिवस जवळ आला. आईनंच त्यांना चांगलं करून पाठवणीला तयार केलं, हे तिलाही कळत होतं, पण एकाही सकाळी तिनं तेल कमी लावलं नाही.

सिस्टर एका घरातून दुसऱ्या घरी निघतात तेव्हा समारंभ नसतो. एक पेटी, एक प्रार्थना. गाडी मिरजेहून होती. मदरनं त्यांना जीपमध्ये बसवलं, आम्ही स्कूटरवरून मागोमाग स्टेशनात गेलो. गाडी लागली, त्यांना उचलून खालच्या बर्थवर ठेवलं. आई खिडकीशी उभी राहिली. इतक्या वर्षांत सिस्टरांपुढं ती पहिल्यांदाच रिकाम्या हातानं उभी होती.

सिस्टरांच्याही ते लक्षात आलं. "आज काय आणलं न्हाईस?"

"दिलंय ते घेऊन चाललाईसा की," आई म्हणाली. "आनि हे काय तुमाला मदरच्या टेबलावर ठेवता यायचं न्हाय."

सिस्टर खूप हसल्या. मग त्यांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, आईच्या चेहऱ्यासमोर धरला आणि थांबल्या. आईनं मान हलवली. सिस्टरांनी तिच्या गालावर हात ठेवला तो गाडी हलेपर्यंत.

घरी येताना आई रडली, पण खुशीतही होती. दोन-तीनदा म्हणाली, "एक तरी गोष्ट त्यांच्याजवळ ऱ्हायली." मला तिचा हेवा वाटला. एखाद्या माणसाला द्यायचं ते देऊन झालं, असं समाधान मला अजून कुणाच्या बाबतीत मिळालेलं नाही.

मध्ये काही आठवडे गेले. परवा रविवारी मदर फोन घेऊन आमच्या घरी आली. मातृगृहातल्या नर्सनं व्हिडिओ कॉल लावला होता. मी फोन हातात धरला आणि आईला चष्मा दिला. पडद्यावर एक मोठी, उजेडाची खोली, ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेवर एक म्हातारी सिस्टर. आमच्या सिस्टर चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांना फोन आलेला माहीत नव्हता. त्यांची खुर्ची एका खाटेला लावलेली होती आणि खाटेवर त्यांच्यापेक्षाही म्हातारी एक सिस्टर भिंतीकडं तोंड करून पडलेली, बोटं वाकडी झालेली.

आमच्या सिस्टरांनी दोन्ही हात तिच्यापुढं धरले आणि काहीतरी बोलल्या. मल्याळीत. आईला त्या भाषेतला एक शब्द येत नाही.

"इचारतीया," आई म्हणाली.

खाटेवरची म्हातारी बराच वेळ तशीच पडून होती. सिस्टरांचे हात हवेत. मग तिनं हळूच आपला हात मागं केला. सिस्टरांनी शेजारच्या वाटीत बोटं बुडवली, तिचा तळवा उघडला आणि अंगठा फिरवायला लागल्या. मग एकेक बोट, टोकापर्यंत. प्रत्येक टोकाला अलगद ओढ.

आईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि अगदी डोळ्यांजवळ धरला. मदर काही बोलणार होती, मी तिला खूण करून थांबवलं.

"दिलं बयानं," आई म्हणाली. "हेबी दिऊन टाकलं."

मला वाटलं आता आदळआपट होणार. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा पडद्याकडं बघत बसली. पलीकडं दुसरा हात सुरू झाला होता.

"अंगठा चुकतोय त्यांचा," ती म्हणाली. "मनगटापास्नं धरायचा, त्या एकदम मदनंच चालू करत्यात. बोलवा त्यास्नी फोनवर. सांगायला पायजे."